घरातील विष आणि गावाचे पाणी

आमच्या वऱ्हाडात पिकावर फवारायच्या विषाला कोणी विष म्हणत नाही. त्याला 'औषध' म्हणतात. 'संत्र्याले औषध मारलं', 'ढेकणाचं औषध आणलं', 'उंदराचं औषध ठेवलं' असे आपण सहज बोलतो. आणि एखाद्याने आयुष्याला कंटाळून टोकाचे पाऊल उचलले, तर त्याही वेळी आपल्या तोंडून 'त्यानं औषध घेतलं' असेच शब्द निघतात. दवाखान्यातील गोळी आणि मरणाची बाटली ही दोन्ही एकाच शब्दाने ओळखली जातात. शब्द सौम्य असला की हातही सैल पडतो. मग औषधाची बाटली मिठाच्या बरणीशेजारी बसते, औषधाचा पंप सार्वजनिक नळावर धुतला जातो आणि औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये पिण्याचे पाणी भरून ठेवले जाते.

या स्मरणिकेच्या वाचक बंधू-भगिनींपुढे आम्ही याच विषयाची एक बाजू मांडणार आहोत. घरात आणलेले हे विष आपल्या पिण्याच्या पाण्यात कोणत्या वाटेने जाते आणि ती वाट बंद करण्यासाठी सामान्य कुटुंबाला काय करता येईल, एवढाच या लेखाचा विषय आहे.

शेती आणि घर यांच्यात भिंत नाही

शेंदूरजनाघाट हे सातपुड्याच्या पायथ्याचे, संत्र्याचे व संत्र्याच्या कलमांचे गाव. येथे बागाईतदार आहेत, रोपवाटिकावाले आहेत, आणि ज्यांच्या मालकीचे वावर नाही पण फवारणीची, तोडणीची व कलमा बांधण्याची मजुरी आहे अशी पुष्कळ कुटुंबेही आहेत. संत्र्यावर कोळशी येते, सायला येतो, पाने पोखरणारी अळी येते, डिंक्या लागतो. त्या प्रत्येकासाठी काही ना काही फवारले किंवा लावले जाते. त्यामुळे शहरातील घरात जेवढी कीटकनाशके नसतात, त्याहून कितीतरी अधिक आपल्या घरांत असतात.

कोणत्याही घरात एकदा नजर फिरवून पाहावी. डासांसाठी कॉइल किंवा बाटलीचे यंत्र, झुरळांसाठी फवारा, मुंग्यांसाठी खडू, उंदरांसाठी वडी, वाळवीसाठी डबा, धान्यात ठेवायच्या गोळ्या, जनावरांच्या व कुत्र्याच्या गोचिडासाठी द्रावण, आणि माळ्यावर किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात वावरातून उरून आलेल्या दोन-चार बाटल्या. यातील शेवटची वस्तू सर्वांत धोक्याची. शेतासाठी केलेले औषध घरातील ढेकणांसाठी, मुलीच्या केसांतील उवांसाठी किंवा म्हशीच्या गोचिडासाठी वापरण्याची सवय आपल्याकडे आहे. शेतातील औषध उघड्या हवेत, मोजून पाणी घालून वापरण्यासाठी तयार केलेले असते. ते बंद खोलीत, कातडीवर किंवा गोठ्यात वापरले की माणसाला तर अपाय होतोच, शिवाय त्याचे धुतलेले पाणी थेट न्हाणीतून नालीत जाते.

आपले पाणी कोठून येते आणि कोठे जाते

वरुड तालुक्यातील बहुतेक जमिनीखाली बसाल्टचा काळा पाषाण आहे. हा पाषाण वाळूसारखा सच्छिद्र नसतो. पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून फिरते. वाळूच्या जाड थरातून झिरपताना पाणी काही प्रमाणात गाळले जाते, पण खडकाच्या उघड्या भेगेतून उतरणाऱ्या पाण्याला तशी गाळणी लाभत नाही. वर सांडलेले खाली लवकर पोहोचते.

त्यातच संत्र्याच्या ओलितासाठी आपण जमिनीखालचे पाणी इतके उपसले की भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात वरुड तालुक्याची गणना अतिशोषित म्हणून झाली. पावसाने जेवढे पाणी जमिनीत मुरते, त्यापेक्षा अधिक आपण बाहेर काढतो, असा त्याचा अर्थ. विहिरी आटल्या, बोअर शेकडो फूट खोल गेले. या गोष्टीची चर्चा बागाईतदारांत नेहमी होते, पण ती फक्त पाण्याच्या मोजमापाची होते, त्याच्या शुद्धतेची होत नाही. वास्तविक ही दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत. भरल्या विहिरीत पडलेले चमचाभर विष जेवढे पातळ होईल, तेवढे ते आटलेल्या विहिरीत होणार नाही. पाणी कमी झाले की तेच विष अधिक तीव्र होते.

आणखी एक गोष्ट. पाणी आटल्यावर जुन्या विहिरी ओस पडल्या आणि त्यांचे उकिरडे झाले. घरातला कचरा, फुटक्या बाटल्या, औषधांचे डबे त्यांत टाकले जातात. कोरडी विहीर ही भूजलापर्यंत सरळ गेलेली नळी आहे. पहिल्या मोठ्या पावसात तिच्यात पाणी शिरते आणि तळचा कचरा धुऊन शेजारच्या विहिरींच्या झऱ्यांकडे नेते.

पृष्ठभागावरील पाण्याचीही गोष्ट अशीच आहे. आपल्या भागातील ओढे-नाले वर्धा नदीला मिळतात. मोर्शीजवळ सिंभोरा येथे त्या नदीवर अप्पर वर्धा धरण आहे आणि अमरावती शहराला पिण्याचे पाणी त्याच धरणातून जाते. शेंदूरजनाघाटच्या नालीत जे ओतले जाते, ते कुठेतरी 'जाऊन' संपत नाही. अमरावतीला शिकायला ठेवलेला आपलाच मुलगा तेथे नळाखाली तांब्या धरतो, त्या पाण्याचा प्रवास आपल्या दारावरून सुरू झालेला असतो.

थेंबाचा हिशेब

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. त्यामुळे गोष्ट आकड्यात मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या मानकात (आय. एस. १०५००, सन २०१२) काही कीटकनाशकांची एका लिटरमागे कमाल मर्यादा दिलेली आहे. ती मायक्रोग्रॅममध्ये असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. ही मर्यादा मोनोक्रोटोफॉससाठी १, क्लोरपायरीफॉससाठी ३० आणि मॅलेथिऑनसाठी १९० इतकी आहे.

आता मोनोक्रोटोफॉसची ३६ टक्क्यांची बाटली घेऊ. कपाशीवर व इतर पिकांवर हे औषध वर्षानुवर्षे फवारले गेले. भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ सालीच बंद करण्यात आला, यावरून त्याची जहालता लक्षात यावी. त्याच्या एका मिलीलिटरमध्ये, म्हणजे साधारण २० थेंबांत, ०.३६ ग्रॅम विष असते. हे झाले ३ लाख ६० हजार मायक्रोग्रॅम. मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम धरली, तर हे २० थेंब ३ लाख ६० हजार लिटर पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवतात.

२० फूट व्यासाच्या विहिरीत ३० फूट पाणी असेल, तर ते सुमारे २ लाख ६७ हजार लिटर भरते. म्हणजे अशी भरलेली विहीर मर्यादेबाहेर नेण्यास एक मिलीलिटर पुरे. वाळवीसाठी वापरतात त्या २० टक्क्यांच्या क्लोरपायरीफॉसचा एक मिलीलिटर साडेसहा हजार लिटरहून अधिक पाण्याला पुरतो, तर ५० टक्क्यांच्या मॅलेथिऑनचा एक मिलीलिटर अडीच हजार लिटरहून अधिक पाण्याला.

हा हिशेब वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ही मर्यादा आयुष्यभर रोज ते पाणी पिण्याचा विचार करून ठरविलेली असते. ती एकदा ओलांडली म्हणजे माणूस तत्काळ मरतो असे नाही. शिवाय ऊन, जंतू आणि पाण्याचा आम्ल-अल्कली गुण यांमुळे बरीच कीटकनाशके हळूहळू विघटित होतात. परंतु रिकामी म्हणून फेकलेल्या न धुतलेल्या बाटलीच्या कडांना व तळाला दोन-चार मिलीलिटर औषध सहज चिकटलेले असते. आणि गावात अशी एकच बाटली असते काय?

विषाचे दोन स्वभाव

सर्व कीटकनाशके पाण्याशी सारखी वागत नाहीत. ढोबळ मानाने त्यांचे दोन गट करता येतील.

पहिला गट पाण्यात सहज विरघळणाऱ्यांचा. मोनोक्रोटोफॉस या गटातले. वाळवी, मुंग्या व रसशोषक किडी यांच्यासाठी वापरले जाणारे इमिडाक्लोप्रिडही पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. अशी द्रव्ये मातीला घट्ट चिकटून राहत नाहीत. पाण्याबरोबर खाली उतरतात आणि विहिरीकडे जातात.

दुसरा गट मातीला चिकटणाऱ्यांचा. घरातील बहुतेक फवारे, मुंग्यांचे खडू आणि डासांची यंत्रे यांत पायरेथ्रॉइड जातीची द्रव्ये असतात. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही त्यांतील नेहमीची नावे. माणसाच्या दृष्टीने ती तुलनेने सौम्य, म्हणून घरात वापरली जातात. पण मासे, झिंगे व पाण्यातील बारीक जीव यांना ती अत्यंत घातक असतात. ती विहिरीपर्यंत फारशी पोहोचत नाहीत, मात्र नालीच्या आणि ओढ्याच्या गाळात बसून राहतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील रोझव्हिल शहरात नव्या घरांच्या वसाहतींमधून वाहणाऱ्या ओढ्यांच्या गाळाची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्या गाळात घराभोवती वापरलेली पायरेथ्रॉइड सापडली आणि त्या गाळात ठेवलेले पाण्यातील बारीक प्राणी मरून गेले. ही द्रव्ये शेतातून आलेली नव्हती. अंगण, हिरवळ आणि भिंतीच्या कडा यांवरूनच ती ओढ्यात उतरली होती.

आपल्याकडे याचा एक उलटा परिणाम होतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खाते टाक्यांत, डबक्यांत गप्पी मासे सोडते. त्याच डबक्याच्या काठावर कोणी गोचिडाच्या औषधाने कुत्रे धुतो. मासे मरतात आणि डास शिल्लक राहतात.

गाळून, उकळून विष जात नाही

भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याच्या साधनाचा समावेश आहे, हे आपणांस ठाऊक आहे. विनयाच्या नियमांत जीवजंतू असलेले पाणी जाणूनबुजून वापरू नये आणि पाण्यात घाण करू नये असेही सांगितले आहे. त्या काळी पाण्यातील दोष डोळ्यांना दिसणारा किंवा वस्त्रात अडकणारा होता. आजचा दोष वस्त्रात अडकत नाही.

विरघळलेले कीटकनाशक गाळून निघत नाही. तुरटी फिरविल्याने गाळ खाली बसतो, विरघळलेले विष तसेच राहते. उकळण्याने जंतू मरतात, पण कीटकनाशक त्याने हमखास जाते असे धरता येत नाही, उलट पाणी आटून उरलेले अधिक तीव्र होऊ शकते. ब्लीचिंग पावडरही जंतूंसाठी आहे. मॅलेथिऑन किंवा क्लोरपायरीफॉस यांसारख्या फॉस्फरसयुक्त औषधांवर क्लोरीनची क्रिया झाली, तर त्यांपासून मूळच्याहून जहाल रूप तयार होते. चांगल्या प्रतीचा सक्रिय कोळसा वापरलेले शुद्धीकरण यंत्र बरीच कीटकनाशके शोषून घेते, परंतु ते किती घरांत आहे आणि त्यातील कोळसा वेळेवर किती जण बदलतात? पाण्यात गेलेले विष काढण्याचा स्वस्त उपाय सामान्य घराजवळ नाही. ते पाण्यात जाऊ न देणे हाच त्याच्या हातातील उपाय आहे.

विष पाण्यात जाते त्या वाटा

पहिली वाट पाइपची. फवारणीसाठी २०० लिटरचा ड्रम विहिरीजवळ ठेवतात, त्यात औषध टाकतात आणि मोटरचा पाइप ड्रमात बुडवून पाणी सोडतात. इतक्यात वीज जाते. मोटर बंद पडली की पाइपमधील पाणी खाली ओढले जाते, आणि झडप झिजलेली असेल तर ड्रममधील औषधाचे पाणीही त्याबरोबर उलट विहिरीत जाते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, म्हणून ही वाट फार महत्त्वाची आहे. घरातील टाकीवर बादली भरतानाही हाच प्रकार घडू शकतो. उपाय मात्र बिनखर्चाचा आहे. पाइपचे तोंड ड्रमच्या काठापेक्षा वीतभर वर धरावे, पाण्यात बुडू देऊ नये. आधी पाणी भरून घ्यावे, पाइप बाजूला करावा आणि नंतर औषध मिसळावे.

दुसरी वाट धुण्याची. फवारणीचा पंप, मोजण्याचे झाकण, ढवळण्याची काठी, मजुराचे कपडे आणि बोर्डो मलम कालवलेली बादली हे सर्व कोठे धुतले जाते? बहुतेक वेळा हातपंपाच्या ओट्यावर, विहिरीच्या काठावर किंवा सार्वजनिक नळावर. बोर्डोतील मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. तोही माशांना व पाण्यातील जीवांना घातक असतो.

तिसरी वाट उरलेल्या औषधाची. गरजेपेक्षा जास्त कालवले जाते आणि उरलेले नालीत ओतले जाते. मुदत संपलेली बाटलीही तशीच मोरीत रिकामी होते.

चौथी वाट रिकाम्या डब्यांची. पाच लिटरचा पांढरा कॅन मजबूत असतो, झाकण घट्ट बसते, म्हणून टाकून देववत नाही. तो धुऊन पाण्यासाठी, रॉकेलसाठी, कधी तेलासाठीही घेतला जातो. प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेले असते, ते धुतल्याने पूर्ण निघत नाही. ज्या घरात गंज-कळशी विकत घेणे जड जाते, त्याच घरात हा कॅन जास्त जातो, हेही येथे सांगितले पाहिजे.

पाचवी वाट वाळवीच्या औषधाची. घराच्या पायाभोवती चर खणून त्यात औषध ओततात. पायाला लागून बोअर किंवा विहीर असेल, बोअरचा केसिंग पाइप फुटका असेल किंवा ओट्याला भेग असेल, तर औषधाला खाली जाण्यास आयती वाट मिळते.

शेजारची दोन उदाहरणे आणि आपले स्वतःचे

भोपाळ आपल्यापासून फार दूर नाही. मुलताई-बैतूलवरून रस्ता जातो. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री तेथील कीटकनाशकाच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मेली, हे सर्वांना माहीत आहे. कारखान्याच्या आवारात टाकलेल्या रासायनिक कचऱ्याने आजूबाजूच्या वस्त्यांचे भूजल बिघडले, ही गोष्ट मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला त्या वस्त्यांस शुद्ध पाणी पुरविण्याचा आदेश द्यावा लागला. आवारात साठवून ठेवलेला ३३७ टन कचरा हलवून पीथमपूर येथे जाळण्यात आला तो २०२५ साली, म्हणजे दुर्घटनेनंतर ४० वर्षांनी. वाऱ्यावरून आलेले विष एका रात्रीत दिसले. पाण्यातून आलेले विष पिढ्यान्‌पिढ्या हापशावर राहिले.

केरळातील कासारगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर अनेक वर्षे हेलिकॉप्टरने एन्डोसल्फान फवारले गेले. मळे टेकड्यांवर आणि वस्त्या त्यांच्या उतारावर, झऱ्यांच्या काठी. तेथील आजारी व अपंग मुलांची दखल अखेर साऱ्या देशाने घेतली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एन्डोसल्फानवर बंदी घातली. आपली टेकडी सातपुड्याची आहे आणि आपण तिच्या पायथ्याशी राहतो.

आणि आपल्याच विभागात, २०१७ च्या पावसाळ्यात व त्यानंतर, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यांतील अनेक मजुरीने फवारणारे होते. ती चर्चा श्वासातून व कातडीतून गेलेल्या विषाची झाली, आणि ते योग्यच होते. पण तो पंप संध्याकाळी कोठे धुतला गेला असेल, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

कायदा काय म्हणतो

१९५८ साली केरळात जहाजातून आणलेल्या पिठात व साखरेत पॅराथिऑन मिसळल्याने शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर कीटकनाशक अधिनियम १९६८ व त्याखालील नियम १९७१ तयार झाले. प्रत्येक बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, तो या नियमांमुळे. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे फार विषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्याहून सौम्य. निरक्षर आजीबाईंनाही हा रंग ओळखता येतो. लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची बाटली घरात, घरच्या कामासाठी कधीच वापरू नये, एवढा एक नियम प्रत्येक कुटुंबाने केला तरी पुष्कळ झाले.

याच नियमांत रिकामी वेष्टने, उरलेले औषध आणि यंत्र धुतलेले पाणी यांची विल्हेवाट पाणी व परिसर दूषित होणार नाही अशा रीतीने लावावी असे स्पष्ट म्हटले आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कीटकनाशकांचे डबे हा घरगुती घातक कचरा ठरवून तो वेगळा गोळा करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. आपल्या गावाला नगर परिषद आहे. वर्षातून दोनदा, फवारणीचा हंगाम संपताना, असे डबे स्वतंत्र गोळा करावेत अशी लेखी मागणी करण्यास कोणाचीही हरकत नसावी.

घराने काय करावे

१. औषध लागेल तेवढेच, लहान बाटलीत आणावे. मोठी बाटली स्वस्त पडते हे खरे, पण उरलेल्याचे काय करायचे याची किंमत त्यात धरलेली नसते.

२. बाटली मूळ वेष्टनातच, कुलपात, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावी. दुसऱ्या बाटलीत काढून ठेवू नये. कुलूप हे मुलांसाठी तर आहेच, घरातील रागावलेल्या किंवा खचलेल्या माणसासाठीही आहे. क्षणाचा राग कुलपापाशी अडखळला, तर तेवढ्या वेळात कोणीतरी जवळ येते.

३. बाटली संपली की तीन वेळा थोडे-थोडे पाणी घालून खळबळावी आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, म्हणजे औषधही वाया जात नाही. नंतर तिला भोके पाडावीत, म्हणजे कोणी तिच्यात पाणी भरणार नाही. दाबाच्या फवाऱ्याच्या पत्री डब्याला मात्र भोक पाडू नये, तो फुटतो. कोणताही डबा चुलीत किंवा होळीत जाळू नये.

४. पंप, बादली व कपडे विहीर, हातपंप, नळ आणि नाली यांपासून दूर धुवावेत. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

५. डासांसाठी आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, कूलर, टाके कोरडे करावे. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्याचा कोरडा दिवस औषधाविना काम करतो. मच्छरदाणी व खिडकीची जाळी हीही बिनविषाचीच साधने आहेत.

६. ढेकणांसाठी खाटेच्या फटींत उकळते पाणी आणि कडक ऊन. धान्य नीट वाळवून त्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. उंदरांसाठी पिंजरा. झुरळांसाठी रात्री भांडी धुऊन ठेवणे, फटी बुजविणे आणि लागल्यास बोरिक पावडरच्या गोळ्या, पण मुलांच्या हाताबाहेर. वाळवीसाठी आधी भिंतीची ओल काढावी.

७. कोणाला विषबाधा झालीच तर अंगावरील कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवावे, उलटी करवू नये आणि बाटलीचे लेबल घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. लेबलावरून डॉक्टरांना उपचार ठरविता येतो.

धुण्याची जागा

वरील बहुतेक गोष्टी ज्याच्या त्याच्या घरात होण्यासारख्या आहेत. एक गोष्ट मात्र एकट्या घराच्या हातात नाही. ती मजुराची आहे.

फवारणी करणारा मजूर दिवसभर पंप पाठीवर वाहतो. संध्याकाळी वावरात अंधार होतो, पाण्याची सोय नसते, मालकाला घाई असते. मग तो पंप आणि ते कपडे घेऊन वस्तीत येतो आणि हातपंपावर धुतो. त्याच ओट्यावर पहाटे बायाबापड्या घागरी भरतात. फायदा वावराचा झाला, फळ मालकाचे वाढले आणि धुवण मात्र वस्तीच्या पाण्यात उतरले. याचा दोष मजुराला देणे अन्यायाचे होईल. त्याला दुसरी जागा कोणी दिलेलीच नाही.

म्हणून आमचे म्हणणे एका वाक्यात असे आहे: जेथे फवारले, तेथेच धुवावे. बागेच्या कडेला, विहिरीपासून दूर, गवत असलेल्या उंच जागी पाण्याचा एक ड्रम आणि साबण ठेवावा. पंपात स्वच्छ पाणी भरून ते फवारलेल्याच झाडांवर पुन्हा मारावे, म्हणजे धुवणही कामी येते. मजुराने तेथेच अंग धुऊन, कपडे बदलून घरी यावे. यासाठी अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मजुरीच्या वेळेत धरला गेला पाहिजे, एरवी उपदेशाने काही होणार नाही.

हे काम एकेका मजुराने मागून मिळणार नाही. वस्तीने एकत्र बसून ठरवावे लागेल. पुढील फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी विहारात एक बैठक घ्यावी. फवारणीला जाणाऱ्या सर्व बंधूंना व तोडणीला जाणाऱ्या भगिनींनाही बोलवावे. 'धुण्याची जागा आणि अर्धा तास' ही मागणी सर्वांनी मिळून मालकांपुढे ठेवावी. त्याच बैठकीत हातपंपाच्या ओट्यावर पंप न धुण्याचे आपणही ठरवावे आणि तसा फलक लावावा. बागाईतदारांपैकी अनेक जण समजदार आहेत. त्यांच्या घरचे पाणीही याच खडकाच्या भेगांतून येते.

फलकावर 'औषध' हा शब्द लिहू नये. 'येथे विषाचा पंप धुऊ नये' असेच लिहावे.